पोस्ट ऑफिस म्हणजे नेमकं काय? ठाणे–नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांचे सेक्रेटरी, नुकतेच निवृत्त झालेले काका-काकू, गावच्या पोस्टात वडिलांचे पैसे अडकलेले वाचक आणि परदेशी फराळ पाठवू पाहणाऱ्या आज्या, अशा सगळ्यांकडून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. टपालाचे दर ऑक्टोबर २०२५ च्या बदलांनंतरचे आहेत. बचत योजनांचे व्याजदर फारसे दिलेले नाहीत. ते अर्थ मंत्रालय दर तिमाहीला जाहीर करतं, त्यामुळे काउंटरवरचा ताजा तक्ता पाहणंच बरं.

१. आता पत्रं कोण लिहितं? मग पोस्टाचं काम उरलंय तरी काय?

घरगुती पत्रं आटली, यात वाद नाही. पण सकाळी अकराच्या सुमाराला कुठल्याही पोस्टातली रांग बघा. कुणाच्या हातात वकिलाची नोटीस असते, कुणाच्या हातात पासबुक, कुणाकडे वडिलांच्या मृत्यूचा दाखला, तर कुणी मुलीचं सुकन्या खातं उघडायला आलेलं असतं. पाठवलेलं पोहोचलं याचा मान्य होणारा पुरावा आणि ठेवलेलं परत मिळेल याची हमी, या दोन गोष्टींसाठी माणसं आजही पोस्टात येतात. पत्रं हा त्या व्यवहाराचा एक भाग होता, सगळा व्यवहार नव्हता.

दुसरा भाग दराचा. १८५४ साली सगळीकडे एकच टपालदर लागू झाला. पाव तोळ्याच्या आतलं पत्र अर्ध्या आण्यात देशात कुठेही जाऊ लागलं, मग अंतर कितीही असो. (बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ती त्याच्या आदल्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी.) शहरातल्या सोप्या बटवड्याच्या जोरावर आडगावचा तोट्यातला बटवडा चालवायचा, हे गणित तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. देशात दीड लाखांहून जास्त टपाल कार्यालयं आहेत आणि त्यातली बहुसंख्य खेड्यांत आहेत. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला हे जाणवत नाही. मुरबाडच्या आतल्या पाड्यावर ज्याचे आईवडील आहेत, त्याला लगेच कळतं.

२. मग कुरिअर आणि पोस्ट यांत फरक काय?

पूर्वी पत्रं वाहून नेण्याचा एकाधिकार १८९८ च्या कायद्याने सरकारकडे होता. कुरिअरवाले 'पत्र' नव्हे तर 'कागदपत्रं' नेतात, अशी सोयीची पळवाट तेव्हा होती. टपाल कार्यालय अधिनियम २०२३ हा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला आणि तो एकाधिकार संपला. टपालाची तिकिटं काढण्याचा हक्क मात्र अजून पोस्टाकडेच आहे.

व्यवहारात बघायचं तर वाशीहून अंधेरीला कागद पाठवायला चांगलं कुरिअर पुरेसं आहे. कोर्टात दाखवायचा कागद असेल किंवा पत्ता खेड्यातला असेल, तर पोस्टाला पर्याय शोधू नये, असं माझं मत आहे. कारण प्रश्न ८ मध्ये येईल.

३. मुख्य डाकघर, उपडाकघर, शाखा डाकघर हे काय प्रकरण आहे?

मुख्य डाकघराच्या हाताखाली उपडाकघरं असतात आणि उपडाकघरांच्या हाताखाली शाखा डाकघरं. शाखा डाकघरं मुख्यतः खेड्यांत असतात आणि ती ग्रामीण डाकसेवक चालवतात. शहरात आपला संबंध बहुधा उपडाकघराशी येतो.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. घराजवळचं पोस्ट आणि तुमच्या टपालाचा बटवडा करणारं पोस्ट एकच असेल असं नाही. काही पोस्टांत फक्त काउंटरची कामं होतात, पोस्टमन दुसऱ्या कार्यालयातून निघतो. 'घर बंद होतं, पोस्टात येऊन घ्या' अशी चिठ्ठी मिळाली तर ती कुठल्या पोस्टाची आहे, हे आधी वाचा.

४. पिनकोडचे आकडे कसे वाचायचे?

पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे म्हणजे बटवडा करणारं पोस्ट. ठाण्याच्या मुख्य डाकघराचा ४००६०१, कळव्याचा ४००६०५, मुंब्र्याचा ४००६१२, वाशीचा ४००७०३, नेरूळचा ४००७०६, ऐरोलीचा ४००७०८.

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते, दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी. एकाच नावाची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, या गोंधळावर त्यांनी आकड्यांचा उतारा काढला. आपल्याकडे किती वडगाव आणि किती पिंपळगाव आहेत ते आठवा, म्हणजे या कामाचं मोल कळेल.

५. बेलापूरचा पिन ४००६१४ आणि खाडीपलीकडच्या खारघरचा ४१०२१०. दोन्ही नवी मुंबईच ना?

बोलण्यात हो, टपालाच्या हिशेबात नाही. पिनकोड महापालिकेची हद्द बघत नाही आणि बिल्डरची जाहिरात तर मुळीच बघत नाही. पिशव्या कुठल्या वाटेने जातात आणि कुठे फुटतात, एवढंच तो पाहतो. बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहे, म्हणून त्याचे पहिले चार आकडे ठाण्यासारखे. खारघर रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात आहे आणि पनवेल (४१०२०६) ४१० च्या गटात येतं.

पत्त्यात गावाच्या नावापेक्षा पिनला वजन जास्त. 'नवी मुंबई' लिहिलंत आणि पिन बरोबर असला तर टपाल पोहोचेल. उलट शहर बरोबर आणि पिन चुकीचा असला तर ते आधी भलत्याच पोस्टाची वारी करून येईल.

६. आम्ही गावठाणात राहतो. सेक्टर नाही, प्लॉट नाही. पत्ता लिहायचा कसा?

हा प्रश्न घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, करावे अशा गावांतून सतत येतो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि गावांच्या भोवती सेक्टर आखले गेले. गावठाणांत मात्र घरं वाढत गेली, क्रमांक वाढले नाहीत.

घरपट्टीच्या पावतीवरचा घर क्रमांक, आळीचं किंवा पाड्याचं नाव, जवळचं देऊळ किंवा शाळा, मग गावाचं नाव आणि पिन, या क्रमाने लिहा. भाडेकरू असाल तर घरमालकाचं नाव 'द्वारा' लिहून द्याच, कारण पोस्टमन घरमालकाला ओळखतो, तुम्हाला नाही. आधार, बँक आणि गॅस या तिन्ही ठिकाणी पत्ता एकाच पद्धतीने लिहिलेला असू द्या.

२०२५ मध्ये टपाल खात्याने 'डिजिपिन' आणला आहे. देशाची जमीन साधारण ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण दिली आहे. गावठाणासाठी ही चांगली सोय आहे. पण त्याने पिनकोड रद्द झालेला नाही आणि नुसता डिजिपिन लिहून भागत नाही. पत्त्याखाली जोडून लिहा.

७. साध्या पत्राला किती तिकीट लागतं? कमी लावलं तर?

पोस्टकार्ड ५० पैसे, आंतर्देशीय पत्र अडीच रुपये, पाकीट २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये. लग्नपत्रिका पाठवणारे इथे हमखास फसतात. जाड पुठ्ठा, वर गणपती, आत तीन पानं, की वजन २० ग्रॅमच्या पुढे गेलंच. तिकीट कमी पडलं तर पत्र 'नॉटपेड' होतं आणि जेवढं कमी पडलं त्याच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याला भरावी लागते. आमंत्रण देऊन वर पाहुण्याकडूनच पैसे घ्यायचे, हे बरं दिसत नाही. एक पत्रिका काउंटरवर वजन करून घ्या.

अंधांसाठीचं ब्रेल साहित्य ७ किलोपर्यंत विनामूल्य जातं. ही सवलत अनेकांना माहीतच नसते.

८. रजिस्टर पोस्ट बंद झालं म्हणतात. मग नोटीस 'आरपीएडी'ने (पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने) कशी पाठवायची?

रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, २०२५ मध्ये ती स्पीड पोस्टमध्ये मिळवण्यात आली. रजिस्ट्रेशन संपलेलं नाही. स्पीड पोस्टवर ५ रुपये आणि जीएसटी जास्त भरून 'रजिस्ट्रेशन' जोडता येतं. तसं केलं की टपाल ज्याच्या नावाचं आहे त्याला किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्यालाच मिळतं. तेवढ्याच पैशांत ओटीपी सांगितल्यावरच बटवडा, असाही पर्याय आहे. पोचपावतीचे पैसे वेगळे. स्पीड पोस्टचा मूळ दर ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये, अधिक जीएसटी. काउंटरवर नुसतं 'स्पीड पोस्ट' म्हणू नका. 'रजिस्ट्रेशन आणि पोचपावतीसह' असं स्पष्ट सांगा आणि पावतीवर ते आलंय का तिथेच तपासा.

हे इतकं ठासून सांगायचं कारण सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ चं कलम २७. बरोबर पत्ता, पूर्ण टपालखर्च आणि रजिस्टर टपाल एवढं असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत नोटीस बजावली गेली असं कायदा मानतो. चेक न वटल्याची नोटीस असो की भाडेकरूला जागा सोडायची नोटीस, सगळा डोलारा त्या पावतीवर उभा असतो.

९. नोटीस आली आणि मी घेतलीच नाही तर?

मग ती 'रिफ्यूज्ड' शेरा मारून परत जाते. हा शेरा सहसा पाठवणाऱ्याच्याच कामी येतो, कारण कलम २७ चं गृहीतक (प्रश्न ८) नकार देणाऱ्यालाही लागू पडतं. दार न उघडणं, वॉचमनला 'साहेब गावाला गेलेत सांग' म्हणणं हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि कोर्टाला ते तोंडपाठ आहेत. नोटीस घ्या, वाचा आणि वकिलाकडे जा.

१०. सभेची नोटीस यूसीपीने पाठवा, असा एका सभासदाचा आग्रह आहे. काय करू?

त्यांना नमस्कार करून सांगा की पोस्टिंगचं ते प्रमाणपत्र टपाल खात्याने २०११ मध्येच बंद केलं. हातबटवडा करून सही घ्या, बाहेरगावच्या सभासदांना स्पीड पोस्ट करा आणि पावत्या फाइलला लावा. उपविधीत काय लिहिलंय ते मात्र स्वतः वाचा.

११. पोस्टमन येतो तेव्हा आम्ही दोघंही लोकलमध्ये असतो. वॉचमनने घेतलं तर चालेल का?

साधं टपाल सोसायटीच्या पेटीत पडतं, त्याचा प्रश्न नाही. रजिस्ट्रेशन किंवा ओटीपी असलेलं टपाल वॉचमनला मिळणार नाही, आणि पोस्टमनवर चिडून उपयोग नाही. घरातल्या किंवा शेजारच्या विश्वासातल्या माणसाच्या नावे लेखी अधिकारपत्र बटवड्याच्या पोस्टात देऊन ठेवा. चिठ्ठी मिळाली असेल तर ओळखपत्र घेऊन सात दिवसांच्या आत पोस्टात जा, नंतर टपाल परतीच्या वाटेला लागतं. पासपोर्टही स्पीड पोस्टनेच येतो आणि तो ज्याचा त्यालाच मिळतो, हे सुट्टी टाकताना लक्षात असू द्या.

१२. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. टपालाचं काय?

नौपाड्यात आणि वाशीच्या जुन्या सेक्टरांत सध्या हा प्रश्न घरोघरी आहे. पोस्टमनला पत्रे ठोकलेली जागा दिसते, तो 'लेफ्ट' लिहितो आणि टपाल परत जातं.

घर रिकामं करण्याआधी बटवड्याच्या पोस्टात नव्या तात्पुरत्या पत्त्यासह लेखी अर्ज द्या. सोसायटीने सगळ्यांची एकत्र यादी दिली तर उत्तम. त्यात फ्लॅट क्रमांक, नाव, नवा पत्ता आणि मोबाइल असू द्या. अर्जाच्या प्रतीवर पोस्टाचा शिक्का घ्या. पुनर्निर्देशनाचा अर्ज मुदतीचा असतो आणि इमारत तीन-चार वर्षं उभी राहत नाही, म्हणून बँक, विमा आणि प्राप्तिकर इथला पत्ता बदलावाच लागतो. पत्ताच धड नसेल तर 'पोस्ट रेस्टंट, अमुक डाकघर' असं लिहून टपाल पोस्टातच मागवता येतं आणि ओळख पटवून घेता येतं. जुनी सोय आहे, अजून चालते.

घेणाराही सापडला नाही आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही लिहिलेला नसला, तर पत्र रिटर्न्ड लेटर ऑफिसात जातं. तिथे ते उघडून आत पत्ता शोधतात. पाकिटाच्या मागे स्वतःचा पत्ता लिहिणं किती सोपं आहे बघा.

१३. पोस्टातले पैसे बँकेपेक्षा सुरक्षित असतात का?

बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विमा आहे. पोस्टातल्या बचतीला अशी मर्यादा नाही, ती थेट केंद्र सरकारची जबाबदारी आहे. सहकारी बँकांचे फटके खाल्लेल्या ठाणेकरांना हे जास्त समजावावं लागत नाही. गैरसोयी आहेतच: रांग, कधी सर्व्हर बंद, कधी पासबुक छापायचं मशीन रुसलेलं.

१४. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक आणि पोस्टाचं बचत खातं एकच ना?

नाही. बचत खातं टपाल खात्यामार्फत चालतं, किमान शिल्लक ५०० रुपये. पेमेंट्स बँक ही १ सप्टेंबर २०१८ पासून देशभर सुरू झालेली वेगळी बँक आहे. तिच्या खात्यात दिवसअखेर २ लाखांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि ती कर्ज देत नाही. दोन्ही खाती एकमेकांना जोडता येतात. आजारी माणसाच्या घरी पोस्टमन येऊन अंगठ्यावर पैसे देतो, ते याच बँकेमुळे.

१५. निवृत्तीचे पैसे मासिक योजनेत ठेवू की ज्येष्ठ नागरिक योजनेत?

मासिक उत्पन्न योजनेत एकट्याला ९ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दरमहा मिळतं, वयाची अट नाही. ज्येष्ठ नागरिक योजना ६० वर्षांवरच्यांसाठी आहे. मर्यादा ३० लाख, व्याज तिमाहीला, आणि तिचा दर सहसा वरचढ असतो. ५५ नंतर निवृत्त झालेल्यांनाही निवृत्तीचा पैसा ठराविक मुदतीत गुंतवला तर ती मिळते. दोन्हींची मुदत ५ वर्षं. ६० पूर्ण झाली असतील तर आधी ज्येष्ठ नागरिक योजना बघा.

१६. एजंट ताई दर महिन्याला आरडीचे (आवर्ती ठेवीचे) पैसे घेऊन जातात. भरवसा कसा ठेवायचा?

बहुतेक जणी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या अधिकृत एजंट असतात आणि प्रामाणिकपणे काम करतात. त्यांचं कमिशन सरकार देतं, तुमच्याकडून वेगळं काही घ्यायचं नसतं. पैसे देताना कार्डावर त्यांची सही घ्या, पण खरा पुरावा पासबुकातली नोंद. पासबुक वर्षानुवर्षं त्यांच्याच पिशवीत राहू देऊ नका. अधूनमधून स्वतः पोस्टात जाऊन नोंदी तपासा.

१७. नातीसाठी मी, म्हणजे आजीने, सुकन्या खातं उघडलं होतं. आता पोस्ट हरकत घेतंय.

हरकत बरोबर आहे. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी हे खातं आईवडील किंवा कायदेशीर पालकानेच उघडायचं असतं. आजी-आजोबांनी उघडलेल्या खात्यांवर आईवडिलांचं नाव पालक म्हणून लावून घ्यावं, अशा सूचना ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. पैसे आजी भरू शकते, त्याला कुणाची ना नाही. एका घरात दोन मुलींपर्यंत खाती उघडता येतात, जुळ्या-तिळ्यांसाठी अपवाद आहे.

१८. वडील गेले. पोस्टात पैसे आहेत, पण नामनिर्देशन नाही. काय करायचं?

सर्वांत जास्त पत्रं याच प्रश्नाची येतात.

आधी घरात नीट शोधा. नामनिर्देशन खातं उघडताना झालेलं असतं आणि घरच्यांना माहीत नसतं. पासबुकावर नोंद नसली तरी पोस्टात अर्ज देऊन तपासून घ्या. ते सापडलं तर दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, पासबुक, ओळखपत्रं आणि साक्षीदारांच्या सह्या यांवर काम होतं. खातं संयुक्त असेल तर हयात खातेदाराचा हक्क राहतो.

नामनिर्देशन खरंच नसेल आणि रक्कम ५ लाखांच्या आत असेल, तर मृत्यूनंतर सहा महिन्यांनी कोर्टाच्या कागदाशिवाय दावा करता येतो. त्यासाठी प्रतिज्ञापत्र, नुकसानभरपाईचं हमीपत्र आणि इतर वारसांची ना-हरकत लागते. इथेच गाडी अडते. एक बहीण नागपूरला, भाऊ अबुधाबीला, आणि सही मागितली की जुने हिशेब निघतात. रक्कम ५ लाखांच्या वर असेल तर वारस प्रमाणपत्र किंवा प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर) लागतं.

ज्येष्ठ नागरिक योजनेत आणखी एक खोच आहे. खातेदार गेल्याच्या तारखेपासून योजनेचा दर थांबतो आणि बचत खात्याचा लागतो. मृत्यू कळवायला उशीर केला तर जास्त गेलेलं व्याज नंतर कापून घेतात. पती किंवा पत्नी संयुक्त खातेदार किंवा एकमेव नामनिर्देशित असेल आणि पात्र असेल, तर खातं पुढे चालू ठेवता येतं.

आणि नामनिर्देशित व्यक्ती मालक ठरत नाही. ती पैसे वारसांच्या वतीने घेते.

१९. आईच्या नावाची एनएससी (राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र) साताऱ्याच्या पोस्टातली आहे. ठाण्यात वटवता येईल का?

आधी ठाण्याच्या पोस्टात बदली करून घ्या. बदलीचा अर्ज इथल्या पोस्टात दिला तरी चालतो, साताऱ्याची फेरी लागत नाही. कागदी प्रमाणपत्रं जुलै २०१६ पासून देणं बंद झालं. त्याआधीचं असेल तर मूळ प्रत जपून ठेवा. मुदत संपल्यावर मूळ दराने व्याज वाढत नाही, आणि तीन वर्षं उलटूनही पैसे उचलले नाहीत तर खातं गोठवतात. ट्रंकेतली प्रमाणपत्रं एकदा बाहेर काढाच. आई हयात नसतील तर प्रश्न १८.

२०. दिवाळीचा फराळ परदेशी पोस्टाने जातो का?

जातो. चकली, शंकरपाळे, शेव, लाडू असा कोरडा फराळ पाठवा. लोणचं आणि तेलकट, ओलं काही नको. हवाबंद पाकिटं, वर जाड खोकं आणि सीमाशुल्काच्या फॉर्मवर प्रत्येक पदार्थाचं नाव, वजन, किंमत. 'घरगुती सामान' असं मोघम लिहिलं तर पार्सल अडतं. घेणाऱ्या देशाचे नियम दर वेळी विचारा. अमेरिकेच्या शुल्कबदलांमुळे ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस तिकडचं बहुतेक टपाल थांबलं होतं, ते ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा सुरू झालं.

२१. लाल टपालपेट्या काढून टाकणार, ही बातमी खरी का?

नाही. रजिस्टर पोस्टच्या विलीनीकरणाची बातमी व्हॉट्सअॅपवर फिरता फिरता 'पेट्या बंद' झाली. बंद झाली ती तार, २०१३ च्या जुलैमध्ये, आणि तेव्हा ती टपाल खात्याकडे नव्हतीच, बीएसएनएलकडे होती.

२२. टपाल हरवलं. दाद कुठे मागायची?

पावतीवरचा क्रमांक टाकून आधी टपाल खात्याच्या संकेतस्थळावर माग काढा. 'बटवडा झाला' दिसतंय आणि हातात काही नाही, तर बटवड्याच्या पोस्टात जाऊन पोस्टमास्तरांना भेटा. बरेचदा टपाल शेजारच्या विंगेत सापडतं. तिथे उत्तर नाही मिळालं तर १८०० २६६ ६८६८ या क्रमांकावर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, त्यानंतर केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर. पावती नसेल तर यातलं काहीच होत नाही. साध्या टपालाला पावती नसते, म्हणून मूळ दाखले, सोनं किंवा रोख रक्कम साध्या पाकिटातून पाठवू नका.